'ऑर्डर'ला अरबीत काय म्हणतात?



आजचा प्रश्न एका ओळीचा आहे. 'ऑर्डर' या इंग्रजी शब्दाला अरबीत काय म्हणायचं? प्रश्न सोपा वाटतो. मोबाइलवर शब्द टाकला की अरबी शब्द समोर येतो. पण तो उचलून कागदावर लिहिला की बऱ्याचदा घोटाळा होतो, कारण इंग्रजीतला हा एक शब्द अरबीत निदान पाच वेगळ्या शब्दांत वाटला गेला आहे. अम्र, हुक्म, तलब, निजाम आणि तरतीब. यातले बरेचसे शब्द तुम्हाला ओळखीचे वाटले असतील. त्या ओळखीतही थोडी फसगत आहे, तिच्याकडेही आपण येऊ.

मी लष्करात होतो. आमच्याकडे सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत ऑर्डरच असते. वॉर्निंग ऑर्डर, ऑपरेशन ऑर्डर, स्टँडिंग ऑर्डर, ऑर्डर ऑफ मार्च, पार्ट टू ऑर्डर. या सगळ्यांत शब्द एकच, पण काम वेगवेगळं. 'ऑपरेशन ऑर्डर' म्हणजे काय करायचं याची आज्ञा. 'ऑर्डर ऑफ मार्च' म्हणजे कोण पुढे आणि कोण मागे चालणार तो क्रम, त्यात आज्ञा नाही. आणि 'पार्ट टू ऑर्डर' ही तर नुसती नोंद. जवानाचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली, की ते पार्ट टू ऑर्डरमध्ये छापून येतं. आता हे कोणी डोळे मिटून आज्ञा म्हणून भाषांतरित केलं, तर त्या जवानाला मुलगी होण्याचा हुकूम सुटला होता असा अर्थ निघेल!

कवायतीतला शब्द घ्या. इंग्रजीत 'ऑर्डर आर्म्स'. आपल्या सेनेनं त्याचं हिंदी केलं 'बाजू शस्त्र'. ज्यानं कोणी हे केलं त्यानं 'ऑर्डर'चा अर्थ शोधत वेळ घालवला नाही. रायफल कुठे असायला हवी ते पाहिलं, ती बाजूला असते, म्हणून बाजू शस्त्र. भाषांतर करणाऱ्यानं शब्दाकडे पाहण्याआधी मैदानाकडे पाहावं, हा धडा मला तिथे मिळाला.

म्हणून आज आपण मैदान म्हणून एक गाव घेऊ. हे भाषण मी तिरुविसनल्लूरहून करतो आहे. तमिळनाडूत कुंभकोणमपासून जवळ, कावेरीच्या काठी, तंजावर जिल्ह्याच्या तिरुविडैमरुदूर तालुक्यातलं हे गाव. या लहानशा गावात 'ऑर्डर'चे पाचही अर्थ चालत फिरत पाहता येतात. शिवाय गावाचा आपल्या मराठी इतिहासाशी जवळचा संबंध आहे.

पहिला अर्थ राजाचा. तंजावरला मराठ्यांचं राज्य उभं राहिलं ते शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्यापासून. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी 1684 ते 1712 राज्य केलं. हे शहाजीराजे स्वतः लिहिणारे होते. 'पंचभाषाविलास' नावाच्या त्यांच्या नाटकात पाच भाषा एकत्र नांदतात. त्यांनी 1693 मध्ये हे गाव 40 हून अधिक विद्वानांना दान दिलं. गावाचं नाव शाहजिराजपुरम झालं. रामभद्र दीक्षितांसारखे वैयाकरण आणि नाटककार इथे राहिले.

आता राजानं गाव द्यायचं ठरवलं तेव्हा जी आज्ञा सुटली, ती इंग्रजीत 'ऑर्डर'. अरबीत ती 'अम्र'. अम्र म्हणजे वरच्यानं खालच्याला सोडलेली आज्ञा. ती देणाऱ्याच्या हाती सत्ता असावी लागते आणि घेणारा त्या सत्तेखाली असावा लागतो. अम्र देणारा तो 'अमीर', म्हणजे सेनानायक किंवा सरदार. त्याचं अनेकवचन 'उमरा', त्यावरून आपले उमराव. इंग्रजीतला 'ॲडमिरल' हाही याच अमीरापासून निघाला. 'अमीर-अल' म्हणजे 'अमुकाचा अमीर', त्यातलं पुढचं गळून पडलं आणि अरबी 'अल' मात्र इंग्रजांच्या नौदलात कायमचं भरती झालं.

मराठीत 'अमीर' म्हणजे काय? पैसेवाला. 'अमीर-गरीब' ही आपली जोडी. ही जोडी अरब माणसासमोर जशीच्या तशी ठेवली तर त्याला ऐकू येईल 'सरदार आणि परका', कारण अरबीत 'गरीब' म्हणजे परका, अनोळखी, विचित्र. ही आहे मघाशी म्हटलेली फसगत. शब्द ओळखीचा, पण तो वाटेत कपडे बदलून आलेला असतो.

'अम्र'बद्दल आणखी एक लक्षात ठेवा. या शब्दाचे अरबीत दोन अर्थ आहेत, 'आज्ञा' आणि 'बाब'. एकवचनात दोघंही सारखे दिसतात, अनेकवचनात वेगळे होतात. आज्ञा अनेक झाल्या की 'अवामिर', बाबी अनेक झाल्या की 'उमूर'. म्हणजे कागदावर एकटा 'अम्र' दिसला तर लगेच टाचा जुळवायच्या नाहीत. आधी पुढचं-मागचं वाचायचं.

दुसरा अर्थ न्यायाचा. या गावाची सगळ्यांत प्रसिद्ध कथा श्रीधर वेंकटेश अय्यावाळ यांची. मोठे शिवभक्त, विद्वान, नामसंकीर्तनाच्या परंपरेतले पूज्य पुरुष. इथे सांगतात ते असं. त्यांच्या घरी श्राद्ध होतं. स्वयंपाक तयार होता. दाराशी एक भुकेला माणूस आला, त्या काळी ज्याला अस्पृश्य मानत अशातला. अय्यावाळांनी श्राद्धाचं अन्न त्याला वाढलं. गावातल्या ब्राह्मणांनी बसून विचार केला आणि सांगितलं की हा दोष झाला, याला प्रायश्चित्त गंगास्नान. आता गंगा कुठे आणि कावेरीकाठ कुठे! अय्यावाळांनी गंगेची स्तुती केली आणि घरच्या विहिरीत गंगा उसळून वर आली, एवढी की पाणी रस्त्यावर आलं. आजही कार्तिकै महिन्याच्या अमावास्येला त्या विहिरीच्या पाण्यानं स्नान करायला हजारो लोक इथे येतात.

कथेकडे तुम्ही श्रद्धेनं पाहा किंवा इतिहास म्हणून. मी फक्त एक गोष्ट विचारतो. त्या ब्राह्मणांनी जे सांगितलं, तो अम्र होता का? नव्हता. त्यांच्याकडे शिपाई नव्हते, तुरुंग नव्हता. त्यांनी शास्त्र पाहिलं, प्रकरण पाहिलं आणि निर्णय दिला. अरबीत याला 'हुक्म' म्हणतात. हुक्म म्हणजे निवाडा. त्याच धातूपासून 'महकमा' म्हणजे न्यायालय, 'हाकिम' म्हणजे शासक किंवा न्यायाधीश, 'हकम' म्हणजे पंच. अरबीत फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी घेऊन पळतो तोही 'हकम'.

आपल्याकडे 'हुकूम' बदलला. आपण म्हणतो 'हुकूम सोडला', 'हुकूम मोडला', म्हणजे आपल्या कानाला हुकूम हा अम्रच वाटतो. पत्त्यांत तर हुकमाचं पान असतं आणि राजकारणात 'हुकमी एक्का'. पण एका ठिकाणी मराठीनं मूळ अर्थ जपून ठेवला आहे, आणि ते ठिकाण म्हणजे कोर्ट. दिवाणी दाव्याच्या शेवटी न्यायालय जो अंतिम निर्णय देतं, इंग्रजीत 'डिक्री', त्याला मराठीत 'हुकूमनामा' म्हणतात. 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता 'डिक्री' आणि 'ऑर्डर' यांत स्पष्ट फरक करते. जो न्यायालयाचा निर्णय डिक्री नाही, तो ऑर्डर. मराठीत एक हुकूमनामा, दुसरा आदेश. म्हणजे कोर्टातल्या कारकुनाला जे ठाऊक आहे ते आपण घराघरांत विसरलो आहोत.

हे विसरणं आखातात महागात पडू शकतं. समजा, रत्नागिरीचा एखादा कामगार पगार थकला म्हणून तिथल्या न्यायालयात गेला. त्याच्या हातात दोन प्रकारचे कागद येऊ शकतात. एक 'अम्र अदा', म्हणजे पैसे देण्याची आज्ञा. कागदोपत्री रक्कम स्पष्ट असेल तर न्यायाधीश पूर्ण सुनावणी न घेता ती काढतो, आणि समोरच्याला तिला हरकत घेण्याची वाट असते. दुसरा 'हुक्म', म्हणजे दोन्ही बाजू ऐकून दिलेला निवाडा. मध्यस्थानं दोन्ही कागदांवर इंग्रजीत 'कोर्ट ऑर्डर' लिहून दिलं आणि इथे घरच्यांनी 'कोर्टाचा हुकूम झाला' असं वाचलं, तर काय होईल? पहिला कागद हातात असताना घरचे समजतील की प्रकरण संपलं. प्रत्यक्षात ते सुरू झालेलं असेल. गावाकडे त्या भरवशावर कर्ज काढणारेही असतात. म्हणून भाषांतर करून घेताना एवढंच विचारा, 'मूळ अरबीत अम्र आहे की हुक्म?' एका शब्दाचा प्रश्न आहे, पण त्यावर पुढचे सहा महिने ठरू शकतात.

तिसरा अर्थ पोटाचा. कुंभकोणमची डिग्री कॉफी तुम्ही ऐकली असेल, पितळेच्या डबरा-टंबलरमधली. इथे कॉफीच्या दुकानात बसलं की माणूस येऊन विचारतो आणि आपण 'ऑर्डर' देतो. आता ही ऑर्डर कोण कोणाला देतो? गिऱ्हाईक दुकानदाराला. पण दुकानदार काही गिऱ्हाइकाच्या हाताखाली नाही. दूध संपलं असेल तर तो सरळ 'नाही' म्हणेल आणि त्याच्यावर कोर्ट मार्शल होणार नाही. म्हणून अरबी इथे 'अम्र' म्हणत नाही, 'हुक्म'ही नाही. अरबी म्हणते 'तलब'. तलब म्हणजे मागणं, मागणी, शोध. विद्या मागतो तो 'तालिब', विद्यार्थी. 2004 साली कुवेतमध्ये घरपोच जेवण पोचवणारी एक कंपनी निघाली, तिचं नाव 'तलबात', म्हणजे नुसतं 'ऑर्डरी'. आखातात राहणाऱ्यांना हे नाव सांगायची गरज नाही.

मराठीत तलब आली आणि घशात बसली. चहाची तलब, तंबाखूची तलब. जुन्या मराठीत तलब म्हणजे पगारही, शिपायानं हक्कानं मागायची गोष्ट. मूळ अर्थ, मागणं, दोन्हींत शिल्लक आहे. या पाचांत सगळ्यांत कमी बिघडलेला शब्द हाच.

चौथा आणि पाचवा अर्थ समजायला कार्तिकै अमावास्येची पहाट डोळ्यांसमोर आणा. हजारो माणसं, गल्ली अरुंद, विहीर एक. लोक रांगेत उभे असतात. एकामागून एक पुढे सरकतात. ही जी एकामागून एक अशी मांडणी, तीही इंग्रजीत ऑर्डर. अरबीत ती 'तरतीब', म्हणजे क्रम. गंमत अशी की इंग्रजी 'ऑर्डर'चा मूळ अर्थ हाच आहे. लॅटिनमधला 'ऑर्डो' म्हणजे रांग, ओळ. रांगेवरून मांडणी आली, मांडणीवरून शिस्त, आणि शिस्तीवरून शिस्त लावणाऱ्याची आज्ञा. म्हणजे आज्ञा हा त्या शब्दाचा नंतरचा अर्थ.

आणि त्या गर्दीत जो पोलीस बंदोबस्त असतो, कोणी चेंगरू नये, भांडणं होऊ नयेत म्हणून, तो कशासाठी असतो? 'लॉ अँड ऑर्डर'साठी. आपण म्हणतो कायदा आणि सुव्यवस्था. अरबीत ही ऑर्डर म्हणजे 'निजाम'. 'अल-कानून व-अन-निजाम'. निजाम म्हणजे व्यवस्था, रचना. मोती दोऱ्यात ओवून ठेवणं या अर्थाचा धातू त्याच्या मुळाशी आहे.

मराठी माणसाला 'निजाम' म्हटलं की आधी अहमदनगरची निजामशाही आणि मग हैदराबाद आठवतं. 'निजाम-उल-मुल्क' म्हणजे मुलखाची व्यवस्था पाहणारा. पदवी होती ती घराण्याचं नाव झाली आणि मराठवाड्यात ते नाव काय आठवणी घेऊन येतं ते मी सांगायला नको. 17 सप्टेंबर 1948 ला आपल्या सैन्याची कारवाई संपून हैदराबादची शरणागती झाली. पण 'निजाम' या शब्दात व्यवस्था आहे हे आपल्या मनात येत नाही.

अरबांच्या मनात मात्र हा शब्द दुसऱ्याच बाजूला गेला आहे. 2011 साली ट्युनिस, कैरो आणि इतर शहरांत लोक रस्त्यावर आले तेव्हा त्यांची मागणी होती की 'निजाम' पडला पाहिजे. आता शब्दकोश उघडून कोणी निजाम म्हणजे 'ऑर्डर' असं भाषांतर केलं असतं, तर जगाला ऐकू आलं असतं की या लोकांना सुव्यवस्था मोडायची आहे, अराजक हवं आहे. लोक म्हणत होते ते वेगळंच. तिथे निजाम म्हणजे राजवट, सत्तेचा साचा. एका शब्दाच्या भाषांतरानं लाखो माणसं दंगेखोर ठरू शकतात किंवा नागरिक ठरू शकतात. गणवेशातल्या माणसानं हे विशेष लक्षात ठेवायचं असतं, कारण समोरच्या गर्दीला काय हवं आहे यावर त्याचं पुढचं पाऊल ठरतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढे पाच शब्द पाठ कोण करणार? पाठ करायची गरज नाही. फक्त तीन प्रश्न विचारायचे. ही ऑर्डर कोण कोणाला देतो आहे? त्याचा अधिकार कुठून आला? आणि न ऐकल्यास काय होईल? सत्तेतून आली तर अम्र. न्यायातून आली तर हुक्म. गरजेतून आली तर तलब. कोणी कोणाला देतच नसेल तर ती रचना आहे. मग ओळीत असेल तर तरतीब, समाजात असेल तर निजाम. इंग्रजी शब्द हा अधिकार पोटात लपवून ठेवतो. अरबी तो तोंडावर विचारते.

हे मला दक्षिण लेबनानमध्ये नीट कळलं. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तिथे 1978 मध्ये आली आणि भारताची बटालियन 1998 मध्ये. डोंगर, ऑलिव्हच्या बागा, मेंढपाळ. काही जमिनींत जुने सुरुंग होते. एका वाटेवर पाटी लावायची होती. इंग्रजी मसुद्याची सुरुवात 'बाय ऑर्डर' अशी होती, पुढे जाण्यास मनाई. आमचा दुभाषी तिथलाच, मुलांना शिकवणारा, साठीतला माणूस. त्यानं कागद वाचला, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "साहेब, हा अम्र आहे का? असेल तर कोणाचा?"

मी त्याला बोलतं केलं. तो म्हणाला, "तुम्ही आमचे पाहुणे आहात. या लोकांवर अम्र लेबनानचं सरकार देईल. तुम्ही अम्र लिहिलात तर मेंढपाळ आधी हाच विचार करेल की हे कोण आम्हाला सांगणारे. आणि मुद्दाम पुढे जाईल."

मग त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं. सुरुवातीला 'युर्जा'. त्याचा अर्थ 'विनंती आहे', आणि त्याच्या मुळाशी आशा हा शब्द आहे. म्हणजे 'अशी आशा केली जाते की'. खाली कारण, पुढे सुरुंग आहेत. बस्स. मूळ मसुद्यातला 'ऑर्डर' हा शब्द भाषांतरात कुठेच उरला नाही, आणि पाटीचं काम त्यामुळेच झालं. शब्द गाळून अर्थ पोचवणारा तो दुभाषी मला आजही मोठा भाषांतरकार वाटतो.

त्याच माणसानं मला आणखी एक सांगितलं. तुम्ही 'फौजी' आहात म्हणता, पण आमच्याकडे सैन्य म्हणजे 'जैश'. 'फौज' म्हणजे एक तुकडी, रेजिमेंट, नाहीतर पर्यटकांचा जथासुद्धा. आणि 'ऑफिसर' म्हणजे 'दाबित', आवर घालणारा. मला शब्द ओळखीचा वाटला. त्याच धातूपासून फारसीच्या वाटेनं आपल्याकडे 'जप्त' आला आणि 'जाबता' आला. तमिळमध्येही मालमत्तेवर टाच आली की 'जप्ती'च म्हणतात. या तिरुविडैमरुदूर तालुक्यातल्या कचेरीत उभे राहा. तालुका, तहसीलदार, वसूल, बाकी, वकील, रद्द, अंमल, हे सगळे मूळ अरबी शब्द तमिळ उच्चारात ऐकू येतील. काही आर्काटच्या नवाबाच्या कारभारातून, काही मराठ्यांच्या, काही कंपनी सरकारच्या. प्रवास इतका लांबचा झाला तर शब्द थोडे बदलणारच.

आपल्या लोकांनी या गोंधळाचा विचार पूर्वी केला नव्हता असं समजू नका. शिवाजी महाराजांच्या काळात 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. दरबारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश. परंपरेनं त्याचं कर्तृत्व रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे जातं. हे रघुनाथपंत तंजावरच्या व्यंकोजीराजांचे कारभारी होते आणि नंतर महाराजांच्या दक्षिण मोहिमेतही. म्हणजे ज्या माणसानं तंजावरचा बहुभाषी कारभार जवळून पाहिला, त्याचं नाव या कोशाशी जोडलेलं आहे. पेशव्याचा प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत, सुरनिसाचा सचिव, ही नावं त्याच प्रयत्नातली.

पण मला त्या कोशाची मांडणी जास्त महत्त्वाची वाटते. शब्द वर्णानुक्रमानं लावलेले नाहीत. दहा वर्ग आहेत. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग वगैरे. म्हणजे शब्द दरबारातला आहे, किल्ल्यातला आहे, दप्तरातला आहे की बाजारातला, हे आधी ठरवा, मग त्याचा पर्याय शोधा. आपण आत्ता तिरुविसनल्लूरमध्ये हेच केलं. राजाची आज्ञा राजवर्गात, कॉफी पण्यवर्गात. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे केलं त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, पण कोणता प्रश्न आधी विचारायचा ते त्यांना ठाऊक होतं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो माझ्या दृष्टीनं सगळ्यांत गंभीर आहे. सैन्यात माणूस ऑर्डर पाळतो, यावर सगळं उभं आहे. पण आमचा कायदा काय म्हणतो पाहा. सेना अधिनियम, 1950. त्याचं कलम 41, वरिष्ठाची अवज्ञा. तिथे 'ऑर्डर' हा शब्द नाही. तिथे 'लॉफुल कमांड' आहे, कायदेशीर आज्ञा. ती वरिष्ठानं प्रत्यक्ष दिलेली आणि जाणूनबुजून धुडकावलेली असेल तर शिक्षा 14 वर्षांपर्यंत. कलम 42 मध्ये सर्वसाधारण किंवा स्थानिक 'ऑर्डर' न पाळणं येतं. आणि कलम 63 मध्ये 'गुड ऑर्डर' आणि लष्करी शिस्तीला बाधक वर्तन, त्याची शिक्षा 7 वर्षांपर्यंत. एकाच कायद्यात 42 मधला ऑर्डर अम्र आहे आणि 63 मधला ऑर्डर निजाम. दोघांना एकच अरबी शब्द लावला तर कायदाच कळणार नाही.

आणि 41 मधला तो 'लॉफुल' शब्द पुन्हा ऐका. आज्ञेला आधी कायदेशीर असावं लागतं. म्हणजे अम्राच्या मागे हुक्म उभा आहे. सत्तेच्या मागे न्याय. आपल्या मराठीत या दोन्हींचा मिळून एकच 'हुकूम' झाला, आणि मला वाटतं त्यामुळे आपण एक सवय हरवून बसलो. कोणी मोठ्या आवाजात काही सांगितलं की ते झालंच पाहिजे असं आपल्याला वाटतं. 'वरून हुकूम आहे' म्हटलं की कचेरीत, कारखान्यात, घरातसुद्धा प्रश्न संपतात. अरबीतला हा फरक माहीत असेल तर निदान मनातल्या मनात तरी विचारता येतं, हा अम्र आहे की हुक्म? देणाऱ्याकडे फक्त जोर आहे की आधारही आहे? अय्यावाळांनी भुकेल्याला वाढलं तेव्हा त्यांनी कोणाची आज्ञा पाळली, याचा विचार करून पाहा. गावाचा निवाडाही त्यांनी नाकारला नाही आणि वाढलेलं पान परतही घेतलं नाही. म्हणूनच कदाचित तीन शतकं झाली तरी लोक त्या विहिरीवर येतात.

तर मंडळी, 'ऑर्डर'ला अरबीत काय म्हणतात या प्रश्नाचं माझं उत्तर असं. शब्द सांगण्याआधी मी विचारीन, कोण कोणाला आणि कशाच्या जोरावर. त्याचं उत्तर मिळालं की शब्द आपोआप मिळतो. तुमच्या घरी आखातातून एखादा कागद आला असेल तर त्यावरही हे करून पाहा. आणि मुलांना परदेशी भाषा शिकवत असाल तर शब्दांच्या जोड्या पाठ करून घेण्याआधी हा प्रश्न शिकवा.

इथे तमिळ घरी पाहुणा उठताना 'उत्तरवु' मागतो. उत्तरवु म्हणजे आज्ञा, पण त्या वेळी अर्थ होतो निरोप. आपणही जुन्या पद्धतीनं 'आज्ञा असावी' म्हणून उठतो. अरबी माणूस अशा वेळी 'अन इज्नक' म्हणतो, आपल्या परवानगीनं. तिथे अम्र नाही, हुक्मही नाही. आज्ञा मागणाऱ्याच्या तोंडी आली की तिच्यातला जोर जातो आणि आदर उरतो.

मग मलाही आता आज्ञा असावी. नमस्कार.